गिअरबॉक्सची मागणी

...तर चौथ्यांदा गाडी बंद पडली ती त्या तिसऱ्या वळणावर. काल मी जेवायला उठलो तेव्हा आपण तिथेच होतो. खाली जॉर्डन नदीचं खोरं, वर डोंगरावर आमचं कफर झैत, आणि मधोमध उम्म रकानची सात आसनी गाडी, तोंड आभाळाकडे आणि पाठ खोऱ्याकडे करून. दुपारचे दोन, ऑगस्ट महिना, आत शाळा उघडण्याआधीची तयारी करून परतणाऱ्या सहा मास्तरणी. गिअर पडेना, पडला तर टिकेना. उम्म रकानने हँडब्रेक ओढला, खाली उतरली, मागच्या दोन्ही चाकांना धोंडे लावले आणि खिडकीतून आत डोकावून म्हणाली, "बायांनो, उतरा. दार हळू लावा, बिचारी आत्ताच झोपलीय."

गणिताच्या इब्तिहालबाई उतरल्या त्या रडवेल्या होऊन. "उम्म रकान, आमचा तुमच्यावर जीव आहे. पण दोन रविवारांनी शाळा उघडतेय. सव्वासातला मोठ्या बाई हजेरीचं पुस्तक आत नेतात."

"माहीत आहे."

"अशी रोज झोपली तर आम्ही काय करायचं?"

एवढ्यात शेजारच्या गावचा मायक्रोबसवाला खालून आला. थांबला. काच खाली केली आणि असा हसला, की जणू स्वतःच्याच लग्नाला निघालाय. सहाही जणींना त्याने वर नेलं, फुकट. ते फुकटच जास्त झोंबलं. उम्म रकान धोंड्यावर बसून राहिली आणि टो गाडीवाल्याला फोन लावला. त्याचा नंबर तिला पाठ होता, ही काही चांगली गोष्ट नव्हे.

आता ही उम्म रकान म्हणजे फिद्दा, आमच्या चुलत घरातली सून. रकान तिचा थोरला, म्हणून ती उम्म रकान, म्हणजे रकानची आई; तो तिकडे अकाबाच्या बंदरात क्रेन चालवतो. बाई बावन्न वर्षांची, अंगाने आडवी, आवाजाने उभी. गाडी शिकली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, नवऱ्याच्या जुन्या पिकअपवर, जैतुनाच्या बागेत. त्या वर्षी आमच्या तीन झाडांची सालं गेली. परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्या वेळी परीक्षक म्हणाला, "बाई, तुम्ही आरशात बघतच नाही." तर म्हणाली, "साहेब, मागे कोण येतंय ते त्यानं बघायचं. मी पुढे बघते." त्याने सही केली. का केली ते तोच जाणे. बहुतेक चौथ्यांदा तिच्या शेजारी बसायची त्याची तयारी नसावी.

पण चालवते मात्र अशी, की आजही पहाटे सहाला तिचा हॉर्न वाजला की आमच्या घरातली म्हातारी चहाला आधण ठेवते. सहा मास्तरणींना गोळा करायचं, खोऱ्यातल्या मुलींच्या शाळेत उतरवायचं, दुपारी परत वर आणायचं. कुणाचं मूल तापलंय, कुणाचं सासूशी बिनसलंय, सगळं तिला ठाऊक. एकीचं लग्न तिने त्या गाडीतच जमवलं. पिकअपमध्ये मास्तरणी मावेनात, म्हणून हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून आणि वर हप्ते काढून तिने इर्बिदच्या शोरूममधून ती सात आसनी घेतली. कोरी. कंपनीचं नाव मी घेत नाही. शोरूमचंही नको. दाराशी रंगीत पताका आणि आत बर्फासारखी थंड हवा, एवढं सांगतो.

तिथला व्यवस्थापक उस्ताद लुआय. केसांना चकाकी, बोलण्याला मध. गाडी विकताना म्हणाला, "उम्म रकान, आजपासून तुम्ही आमच्या आई." आणि पहिल्यांदा गिअर अडकला तेव्हा आईला नव्वद दिनारचं बिल दिलं.

"अरे, वॉरंटी आहे ना?"

"आहे ना. पण वॉरंटी योग्य वापराची असते. तुम्ही सारखी चढावर चालवता."

"मी राहतेच चढावर."

"तेच तर."

"बरं," उम्म रकान म्हणाली, "तू तोवर गाडी दुरुस्त कर, मी अजलूनचा डोंगर सपाट करून येते."

ते झालं पहिल्यांदा. तेव्हा म्हणे सेन्सर गेला होता. दुसऱ्यांदा तेल बदललं. तिसऱ्यांदा उस्ताद लुआयने गंभीर चेहरा केला, जसा डॉक्टर करतो, आणि म्हणाला, "गिअरचा कंट्रोल डबा गेलाय. नवा घालावा लागेल." तीनशे ऐंशी दिनार. सहा मास्तरणींचं दोन महिन्यांचं भाडं एका डब्यात गेलं. तीन आठवडे गाडी बरी चालली आणि मग ते तिसरं वळण.

त्या संध्याकाळी टो गाडीवाला गाडी घेऊन इर्बिदला जायच्या आधी तिचा नवरा अबू रकान याने बॉनेट उघडलं. हा माणूस सैन्यात बिनतारी खात्यात होता, आता पाठीने अधू. बोलतो कमी. त्याला दृष्ट लागण्याची फार भीती. नवी गाडी आली तेव्हा त्याला आरशाला निळा मणी आणि तुरटीचा खडा टांगायचा होता. उम्म रकानने बजावलं, "माझ्या वळणांच्या आड काही लोंबकळलेलं चालणार नाही." म्हणून बिचाऱ्याने तो बॉनेटखाली बांधला, अगदी आत, एका काळ्या डब्याला जे भोक होतं त्यातून दोरा ओवून आणि डब्याच्या बोल्टाला वेढा घालून. वर सात गाठी, सैन्यातल्या.

अबू रकान बराच वेळ वाकून बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "फिद्दा, नवा डबा कुठला घातला म्हणालीस?"

"काळा. तो. बिलावर चित्र आहे."

"याला माझा मणी बांधलेला आहे."

"मग?"

"दोरा कापल्याशिवाय हा डबा निघत नाही. आणि दोरा माझाच आहे. गाठीही माझ्याच."

मी तिथेच होतो. उम्म रकानने डोक्यावरचा रुमाल सोडला, परत घट्ट बांधला. तेव्हा मला उस्ताद लुआयची थोडी काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी ती आणि अबू रकान इर्बिदला गेले. लुआयने मणी पाहिला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "आमच्या मेकॅनिकने तुमच्या श्रद्धेचा मान राखला. दोरा सोडला, डबा बदलला, दोरा परत बांधला."

"सोडून दाखवू दे," अबू रकान म्हणाला.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने अर्धा तास नखं मोडली. एकही गाठ सुटली नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, "कापू का?" तर अबू रकान म्हणाला, "काप की. मागच्या वेळी कापला असतास तर आज इथे आलोच नसतो."

आणि तरी लुआय हरला नाही बघा. थोडा विचार करून म्हणतो कसा, "उम्म रकान, मला वाटतं या तुरटीमुळेच बिघाड होत असावा. तुरटी गरम झाली की सेन्सरला त्रास होतो. आणि वॉरंटीमध्ये तुरटी बसत नाही." वर परत सेन्सरचं नवं बिल पुढे केलं.

ग्राहकांच्या तक्रारीचं कार्यालय असतं, तिथे तिने फोन लावला. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि महिनाभराने बघू म्हणाले. महिनाभराने मास्तरणी मायक्रोबसमध्ये बसून तिच्या दारावरून गेल्या असत्या.

म्हणून मंगळवारी ती आमच्या ओट्यावर आली. मी आणि हाज्जी अबू मुतलक सेजच्या पाल्याचा चहा पीत बसलो होतो. हे हाज्जी एक्क्याऐंशी वर्षांचे, आमच्या भागातल्या प्रत्येक जाहाचे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या शिष्टाईचे, म्होरके. कुणाकडे मुलीला मागणी घालायची असो की भांडण मिटवायचं असो, गावची पांढरी डोकी घेऊन पुढे व्हायचं ते त्यांनीच. आजवर अकरा सोयरिकी, दोन खून आणि एक विहीर त्यांनी मार्गी लावलीय.

"हाज्जी, जाहा काढायचीय," उम्म रकान म्हणाली.

हाज्जी खुलले. "रकानसाठी मुलगी बघितलीस? कुणाची?"

"रकानसाठी नाही. गाडीसाठी. शोरूमवर न्यायचीय."

हाज्जींनी चहाचा पेला खाली ठेवला. "पोरी, जाहा घरावर जाते. दुकानावर नाही. दुकानदाराला काय लाज?"

"दुकानाला नसेल. पण तो लुआय काही शोरूममध्ये जन्मला नाही. मी चौकशी केलीय. इर्बिदजवळच्या गावचा आहे, मोठं घर आहे, नाव राखून आहेत. गेल्या महिन्यात त्याच्या बहिणीला मागणी घालायला जाहा आली होती."

"आणि त्याने कॉफीच दिली नाही तर? कॉफी नाही तर जाहा नाही."

"देईल. दारातच एक माणूस पितळी किटली घेऊन उभा केलाय. गिऱ्हाईक आलं की कडू कॉफी ओततो. शोभेसाठी ठेवलाय."

हाज्जींना मिश्यांतल्या मिश्यांत हसू आलं. "शोभेसाठी," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अबू अय्यूब, माझी तपकिरी अबा काढायला सांग घरी."

आम्ही वीस जण गेलो. दोन मायक्रोबस केल्या. त्यातली एक त्या हसऱ्या माणसाची, कारण त्याला कुठे चाललोय ते सांगितलं नव्हतं. सगळे इस्त्रीचे कपडे, लाल चौकडीचे रुमाल, खांद्यावर लांब झग्यासारखी अबा. जाहात बायका नसतात. उम्म रकान म्हणाली, "मी जाहात नाहीच. मी गिऱ्हाईक आहे," आणि आमच्या आधी जाऊन सोफ्यावर बसली.

आम्हाला बघून विक्रीच्या मुलीचे डोळे चमकले. वीस गाड्या विकल्या गेल्यासारखी धावत आतून खुर्च्या घेऊन आली. लुआय बाहेर आला, वडीलधारी माणसं बघून हात छातीशी नेला आणि घरचं वळण म्हणून, विचार न करता किटलीवाल्याला खूण केली. किटलीवाल्याने पहिला कप ओतला आणि वयाने मोठे म्हणून हाज्जी अबू मुतलकांच्या हातात दिला.

हाज्जींनी तो घेतला. काचेच्या टेबलावर ठेवला. हात मांडीवर घेतले.

"बेटा," ते म्हणाले, "आम्ही कफर झैतची माणसं तुझ्या दारात आलोय. आमची एक मागणी आहे. ती मान्य होईतो ही कॉफी अशीच राहील."

लुआयच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला सगळं कळलं: मागणी नाकारली आणि जाहाची कॉफी तशीच थंड झाली, तर अब्रू यजमानाची जाते. त्या कपाकडे तो असा बघत होता, जसा आपण दारात आलेल्या सापाकडे बघतो.

"हाज्जी, हे घर नाही हो. कंपनी आहे. ही कंपनीची कॉफी."

"ओतायला कुणी सांगितलं?"

"मी... पण मी इथे नोकर आहे."

"हात तुझाच होता ना? तेवढं पुरे."

मग काही नाही. आम्ही बसून राहिलो. जाहात गप्प बसणं हेच काम असतं आणि आमच्यातल्या काहींचा त्यात पन्नास वर्षांचा सराव आहे. लुआयने तेल फुकट बदलून देतो म्हटलं. हाज्जींनी कपाकडे पाहिलंही नाही. बिल निम्मं करतो म्हणाला. नाही. नवा डबा देतो म्हणाला. मागून अबू रकान म्हणाला, "हा कितवा नवा?" पोलिसांना बोलवायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला, मी पाहिला. पण सांगणार काय? वीस म्हातारे कॉफी पीत नाहीत म्हणून?

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं, आम्हाला बघून दारातूनच परत गेलं. मग एक जाड चष्म्याचा माणूस आला, बिल हातात घेऊन. त्याने हळूच माझ्या कानाशी विचारलं, "चुलते, काय चाललंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "माझीही चढावर झटके खाते. बसू का?" म्हटलं, बस. त्याच्यामागून आणखी दोघं तसेच आले, पाऊण तासात आम्ही तेवीस झालो.

शेवटी लुआयने अम्मानला मालकाला फोन लावला. घाईत चुकून स्पीकर सुरू झाला, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"कोण बसलंय म्हणालास?"

"कफर झैतचे हाज्जी अबू मुतलक."

"कप कुठे आहे?"

"टेबलावर."

"किती वेळ?"

"तास होत आला."

पलीकडे मोठा उसासा. "लुआय, तुला अक्कल आहे का? कॉफी दिलीसच का?"

"सवयीने गेली, साहेब."

मालकही कुठल्यातरी नाव राखणाऱ्या घरातलाच. तो म्हणाला, "हाज्जी, ऐकताय ना? प्या तुमची कॉफी. अख्खा गिअरबॉक्स नवा. आठ दिवसांत. आधीची सगळी बिलं परत. तोवर बाईंना आमची गाडी वापरायला. तुम्ही जे मागायला आलात ते दिलं."

आम्ही सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. हाज्जींनी कप उचलला.

"हाज्जी, थांबा," सोफ्यावरून उम्म रकान म्हणाली. "पिऊ नका."

असं आमच्याकडे होत नाही. शब्द दिला की कप प्यायचा. हाज्जींचा हात ओठांजवळ थांबला.

फोनमधून मालक म्हणाला, "बाई, माझा शब्द पुरे नाही?"

"शब्द पुरे आहे, साहेब. तेवीस माणसांनी ऐकला. पण गिअरबॉक्सने ऐकलेला नाही. कप राहू दे टेबलावर. गाडी खोऱ्यातून वर चढली, की हाज्जी येऊन पितील."

सगळे हाज्जींकडे बघायला लागले. म्हाताऱ्याने कप परत काचेवर ठेवला. "साठ वर्षांत असं केलं नाही," ते म्हणाले. "पण साठ वर्षांत गिअरबॉक्सला मागणीही घातली नाही. मुलाकडचेच थांबा म्हणतायत, तर थांबायचं."

आठ दिवस तो कप तिथे होता. धुवायची कुणाची छाती होईना. लुआय म्हणे त्याला वळसा घालून जायचा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "हा कप कुणाचा?" आणि किटलीवाला, ज्याच्याशी आजवर कुणी दोन शब्द बोललं नव्हतं, सगळी हकीकत सांगायचा, रोज थोडी जास्त. सहाव्या दिवशी त्याच्या सांगण्यात आम्ही शंभर झालो होतो. मालकाचे दिवसातून तीन फोन येत, गिअरबॉक्स कुठवर आला म्हणून.

शनिवारी सकाळी गाडी तयार झाली. रविवारी शाळा. अबू रकानने आधी बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा शिक्का तपासला, नंबर कागदाशी जुळवला आणि मान हलवली. मग उम्म रकान स्टिअरिंगवर, शेजारी उस्ताद लुआय, मागे मी आणि अबू रकान, असे आम्ही खोऱ्यात उतरलो. लुआयला चढाची सवय नव्हती. येताना पहिल्या वळणावर त्याने दाराची मूठ धरली, दुसऱ्यावर डोळे मिटले. ती तर बोलतच होती, एक हात बाहेर, केळीच्या बागा दाखवत. तिसरं वळण आलं. गाडी ना अडखळली ना कुरकुरली. लोण्यातून सुरी जावी तशी वर आली. कफर झैतच्या चौकात तिने ब्रेक लावला तेव्हा लुआयने रुमालाने मान पुसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो खराखुरा हसला.

"चढली, उम्म रकान," तो म्हणाला. "आता हाज्जींना इर्बिदला न्यायला गाडी पाठवू ना? कॉफी प्यायला?"

ती म्हणाली, "घाई नका करू, उस्ताद. ही आज चौघांना घेऊन चढली, रिकामीच म्हणायची. उद्या सहा मास्तरणी, त्यांच्या पिशव्या, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे आणि खोऱ्यातली दोन पेट्या वांगी घेऊन चढू दे. मग मी स्वतः फोन करते. तोवर कप झाकून ठेवा, माशा बसतील."